अभावाचे चिन्ह, स्वामित्वाचे चिन्ह: ज्यू धर्मवस्तूंवरील पवित्र स्थळे

१

धर्मवस्तूवर कोरलेले किंवा विणलेले चित्र स्वतंत्र कलाकृतीप्रमाणे वाचता येत नाही. ते पेल्यावर असते, पडद्यावर असते, दिव्याच्या मागच्या पत्र्यावर असते. आणि ती वस्तू ठरावीक तिथीला, ठरावीक प्रार्थनेच्या सोबतीने हाताळली जाते. त्यामुळे अशा चित्राचा अर्थ निव्वळ त्यातील विषयात सामावलेला नसतो. वस्तूचे विधीतील कार्य आणि ती हाताळणाऱ्या समाजाचे ऐतिहासिक भान हे दोन घटकही त्या अर्थाच्या घडणीत तितकेच वाटेकरी असतात. या तिन्हींपैकी एक घटक बदलला की, चित्राची रेषाही न हलता त्याचा अर्थ बदलू शकतो.

ज्यू परंपरेतील धर्मवस्तूंच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. ईश्वराची प्रतिमा घडविण्यास या धर्मात मनाई आहे. मूर्तीची जागा रिकामी राहिल्यामुळे दृश्य कल्पनाशक्ती ग्रंथ, अक्षर, उपकरण आणि स्थळ यांच्याकडे वळली, असे म्हणता येईल. त्यातही स्थळाची प्रतिमा, म्हणजे जेरुसलेम, तेथील मंदिर, त्या मंदिराच्या आवाराची पश्चिम भिंत, बेथलेहेमजवळची राहेलची कबर, ही जवळजवळ दोन सहस्रके या वस्तूंवर वावरत आली. विसाव्या शतकात याच वस्तूंवर राष्ट्रीय चिन्हे आली आणि काही स्थळे स्वतःच राष्ट्रीय चिन्हे बनली. हे संक्रमण ‘धार्मिकाकडून राष्ट्रीयाकडे’ अशा सरळ रेषेने दाखविण्याची रूढी आहे. प्रस्तुत विवेचनात ते वेगळ्या जोडीच्या आधारे पाहिले आहे: अभावाचे चिन्ह आणि स्वामित्वाचे चिन्ह.

२

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतरच्या धर्मशास्त्राने या विनाशाची आठवण दैनंदिन व्यवहारात गुंफली. प्रार्थनेच्या वेळी मुख जेरुसलेमकडे करावे आणि घराला गिलावा देताना हातभर चौकोनी जागा तशीच उघडी ठेवावी, असे तालमुदचे दंडक आहेत. ही उघडी जागा हे अभावाच्या चिन्हाचे सर्वांत शुद्ध उदाहरण होय. तेथे काहीही काढलेले नसते. काढलेले नसणे हाच त्याचा अर्थ असतो. पुढे पूर्वेकडच्या भिंतीवर ‘मिझराह’ नावाचा फलक लावण्याची चाल पडली. मिझराह म्हणजे पूर्व. या फलकावर अनेकदा जेरुसलेमचे चित्र असे. पण फलकाचे काम जेरुसलेम दाखविण्याचे नसून त्याची दिशा दाखविण्याचे होते.

चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांची जी विभागणी केली, ती येथे उपयोगी पडते. साम्यावर आधारलेले प्रतिमाचिन्ह, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले दर्शकचिन्ह आणि संकेतावर आधारलेले प्रतीकचिन्ह असे हे तीन प्रकार आहेत. मिझराहवरील मंदिर वरकरणी प्रतिमाचिन्ह दिसते. प्रत्यक्षात ते बोट दाखविणारे दर्शकचिन्ह आहे आणि साम्याचा भाग त्यात गौण आहे.

साम्य किती गौण होते, याचा पुरावा सोळाव्या शतकातील व्हेनिसमध्ये सापडतो. मार्को अंतोनियो ज्युस्तिनियानी या मुद्रकाने १५४५ पासून हिब्रू ग्रंथ छापण्यास प्रारंभ केला. त्याच्या ग्रंथांच्या शीर्षपृष्ठावर जे मुद्राचिन्ह असे, त्यात जेरुसलेमचे मंदिर अष्टकोनी, घुमटाकार इमारतीच्या रूपात दाखविलेले आहे. ही इमारत म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस उमय्या खलिफा अब्द अल्-मलिकच्या काळात पूर्ण झालेला ‘कुब्बत अस्-सख्रा’, शिलाघुमट. मंदिराच्या जागेवर जी वास्तू उभी होती तिलाच मंदिराचे रूप मानण्याची ही रीत धर्मयुद्धांच्या काळातील ख्रिस्ती लोकांनीही पाळली होती. ज्यू चित्रकारांनी ती स्वीकारली आणि शेजारच्या अल्-अक्सा मशिदीला ‘शलमोनाची अभ्यासशाळा’ असे नाव दिले. पुढे काही शतके तोराच्या कपाटावरील पडदे, भिंतीवरील फलक आणि विवाहाची करारपत्रे यांवर ‘मंदिराचे स्थान’ म्हणून हा इस्लामी घुमट निःसंकोचपणे येत राहिला. चित्रकाराला ते विसंगत वाटले नाही, कारण चित्राचा निर्देश इमारतीकडे नव्हताच. इमारत नाहीशी झाली आहे हेच तर त्याला सांगायचे होते.

तथापि प्राचीन काळातील स्थळप्रतिमा सर्वस्वी राजकारणविरहित होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बार कोखबाच्या बंडाच्या काळातील (१३२–१३५) चांदीच्या नाण्यांवर मंदिराचे दर्शनी रूप आहे, आणि नाणे हे सार्वभौमत्वाच्या दाव्याचे वाहन असते. सीरियातील दूरा-युरोपोस येथील सिनेगॉगमध्ये, २४४-२४५ च्या सुमारास, तोरा ठेवण्याच्या कोनाड्यावर हेच दर्शनी रूप रंगविलेले आढळते. तेथे त्याच्या एका बाजूस सात शाखांचा दीपवृक्ष (मेनोरा) आणि दुसरीकडे इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग आहे. एकच आकृती बंडखोराच्या नाण्यावर दावा होते आणि सीमेवरच्या गावातील प्रार्थनागृहात स्मृती होते. दोन्ही शक्यता आरंभापासून चिन्हात सुप्त होत्या. कोणती जागी व्हावी हे वस्तूच्या उपयोगाने ठरविले.

३

एकोणिसाव्या शतकात या प्रतिमांचा प्रसार झपाट्याने वाढला. त्यामागे एक अर्थव्यवस्था होती. जेरुसलेम, हेब्रोन, सफेद आणि तिबेरिया या चार पवित्र नगरांतील ज्यू वस्ती मोठ्या प्रमाणावर परदेशस्थ ज्यूंच्या दानावर अवलंबून होती. या दानाची पोच म्हणून आणि पुढील दानाची आठवण म्हणून येथून वस्तू पाठविल्या जात: शब्बाथच्या पावावर झाकण्याची छापील वस्त्रे, ऑलिव्हच्या लाकडी बांधणीची प्रार्थनापुस्तके, मृत समुद्राच्या परिसरातील काळ्या दगडाचे कोरीव पेले. त्यांवरील चित्रे लवकरच साचेबंद झाली. पश्चिम भिंत म्हणजे मोठ्या दगडांच्या काही रांगा आणि वर डोकावणारे सरूचे वृक्ष. राहेलची कबर म्हणजे घुमटाची एक लहान इमारत आणि शेजारी एखादे झाड. राहेलच्या कबरीची दुरुस्ती सर मोझेस माँटेफिओरे यांनी १८४१ मध्ये करविली, आणि त्यानंतरचे तिचे रूपच चित्रांतून रूढ झाले.

या वस्तूंमध्ये चिन्हाला एक नवे परिमाण लाभले. लाकूड आणि दगड हे त्या भूमीतलेच असल्यामुळे चित्राखालचे द्रव्यही अर्थवाहक बनले. वॉर्सा किंवा लंडनमधील कुटुंबाच्या हातात जो पेला येई, तो स्थळाचे चित्र असे आणि स्थळाचा अंशही असे. येथे अभाव किंचित भरून निघतो. पण तो भरून निघण्यासाठी दुरूनच दान पाठवावे लागते, म्हणजे अंतर कायम राहावे लागते.

याच काळात युरोपातील धर्मवस्तूंवर राष्ट्रीय चिन्हेही दिसू लागली होती, मात्र ती इतरांच्या राष्ट्रांची होती. हाब्सबुर्ग साम्राज्याचा दुतोंडी गरुड तोराच्या चांदीच्या पदकांवर आणि हानुकाच्या दिव्यांवर आढळतो. जर्मनी आणि अल्सास येथे मुलाच्या सुंतेच्या वेळचे वस्त्र कापून तोराच्या गुंडाळीभोवती बांधण्याचा लांब पट्टा शिवण्याची प्रथा होती. त्यावर मुलाचे नाव, जन्मतिथी आणि तोराच्या अध्ययनासाठी, विवाहासाठी, सत्कृत्यांसाठी तो वाढो असा आशीर्वाद भरतकामाने उमटविला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व त्यानंतरच्या अशा काही पट्ट्यांवर त्या त्या देशाचे ध्वज आहेत. नागरिकत्वाचा हक्क नुकताच मिळालेला समाज आपल्या सर्वांत खाजगी धर्मवस्तूवर राज्याचा ध्वज काढतो, तेव्हा त्यात निष्ठेची ग्वाही जितकी असते, तितकीच ती ग्वाही मान्य व्हावी ही विनवणीही असते. पुढील इतिहासाने ती विनवणी किती निर्दयपणे फेटाळली, हे ज्ञात असलेल्या वाचकाला हे पट्टे पाहताना वस्तू आणि इतिहास यांमधील दरी विशेष जाणवते.

४

ज्यू राष्ट्रवादाला स्वतःचे चिन्ह हवे होते. ते कोणते निवडले गेले, याची चिकित्सा गेर्शोम शोलेम यांनी षट्कोनी ताऱ्यावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात केली आहे. त्यांच्या प्रतिपादनानुसार दावीदाचा तारा हे मुळात ज्यू धर्माचे प्राचीन प्रतीक नव्हते. ताईत-गंड्यांवरील आकृती, प्राग येथील समाजाचे ध्वजचिन्ह असा प्रवास करीत ते एकोणिसाव्या शतकात, ख्रिस्ती क्रुसाला प्रतिरूप म्हणून, सिनेगॉगच्या इमारतींवर व धर्मवस्तूंवर सर्वत्र पसरले. १८९७ मध्ये बासेल येथे भरलेल्या पहिल्या झायनवादी परिषदेच्या सुमारास ते चळवळीचे चिन्ह झाले, याचे कारण त्यात धार्मिक आशय जवळजवळ नव्हता. ते सर्वांना परिचित आणि अर्थाच्या दृष्टीने मोकळे होते. रिकामे चिन्ह राष्ट्राला सोयीचे असते. या चिन्हाला भयंकर आशय मिळाला तो नंतर, नाझी सत्तेने १९४१ मध्ये जर्मनीतील ज्यूंवर पिवळा तारा लादला तेव्हा.

मंदिर, मेनोरा आणि पश्चिम भिंत ही चिन्हे मात्र रिकामी नव्हती. बोरिस शाट्झ यांनी १९०६ मध्ये जेरुसलेम येथे बेझालेल कलाशाळा स्थापन केली. तोरातील निवासमंडप घडविणाऱ्या कारागिराचे नाव या शाळेला देणे हाच एक कार्यक्रम होता. एफ्राईम मोझेस लिलिएन, झेएव्ह राबान आदी कलावंतांच्या हाताखाली तेथे हानुकाचे दिवे, पेले, गालिचे तयार झाले आणि त्यांवर जुनी स्थळे नव्या शेतकऱ्याच्या व पहारेकऱ्याच्या आकृतींसह एकाच सजावटीत आली. स्थळ आता मागे वळून पाहण्याची वस्तू राहिले नाही. ते पुढे जाण्याचे ठिकाण झाले. प्रार्थनेची दिशा आणि स्थलांतराची दिशा एक झाली.

जुनी चित्रे आणि नवा संदर्भ यांचा संघर्ष १९२९ मध्ये रक्तरंजित ठरला. ब्रिटिश अंमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये पश्चिम भिंतीजवळील प्रार्थनेच्या हक्कावरून १९२८ च्या सप्टेंबरपासून तणाव वाढत होता. जेरुसलेममधील धर्मपाठशाळा निधिसंकलनासाठी जी चित्रे परदेशी पाठवीत, त्यांत परंपरेने चालत आलेला घुमट असे आणि त्याच्या जोडीला हिब्रू अक्षरे किंवा दावीदाचा तारा असे. मुफ्ती हाज अमीन अल्-हुसैनी यांच्या पक्षाने अशी चित्रे ज्यूंच्या हेतूंचा पुरावा म्हणून पुढे केली: मशिदींच्या आवारावर त्यांचा डोळा आहे आणि घुमटावर त्यांनी आपले निशाण आधीच चढविले आहे, असा त्यांचा अन्वयार्थ होता. ज्यू पक्षाचे उत्तर असे की, ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्यांची भक्तिचित्रे आहेत, त्यांत कोणताही दावा नाही. ऑगस्ट १९२९ च्या दंगलींत १३३ ज्यू आणि ११६ अरब मृत्यू पावले. चौकशीसाठी आलेल्या शॉ आयोगासमोर मग या चित्रांचाही प्रश्न आला.

चित्रे हे दंगलींचे कारण नव्हते. जमीन, स्थलांतर आणि सत्ता यांचे प्रश्न त्यामागे होते. परंतु अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने हा प्रसंग असामान्य आहे. दोन्ही पक्ष एकच चित्र पाहत होते आणि आपापल्या परीने त्याचे वाचन करीत होते. कारागिराच्या हेतूच्या बाजूने पाहिले तर ज्यू पक्षाचे स्पष्टीकरण खरे होते: घुमट हा ज्युस्तिनियानीच्या काळापासून ‘नसलेल्या’ मंदिराचा संकेत होता. परंतु १८९७ नंतरचा तारा १५४५ च्या घुमटावर ठेवला की जी नवी संहिता तयार होते, ती कारागिराच्या हेतूला बांधील राहत नाही. ज्या वाचकाच्या प्रार्थनेचे ठिकाण त्या चित्रात दुसऱ्याच्या नावाने उभे आहे, त्याला तो संकेत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आणि ठाऊक असता तरी त्याची धास्ती कमी झाली असती असे नाही. चिन्हाचा निरागसपणा हा त्याच्या संदर्भाच्या स्थैर्यावर अवलंबून असतो. तो संदर्भ ढळल्यावर निरागसपणाची साक्ष काढून उपयोग नसतो.

यानंतर नव्या ज्यू वस्तूंवरून घुमट हळूहळू मागे पडला आणि पश्चिम भिंत हे एकमेव स्थळ ठळक होत गेले. दुसऱ्या बाजूस तोच घुमट पॅलेस्टिनी राष्ट्रीयत्वाचे प्रमुख चिन्ह बनला आणि घरोघरीच्या भिंतींवर आला. चार शतके एका चित्रात नांदलेली दोन स्थळे अशा रीतीने वेगळी झाली. चित्रांची ही फाळणी भूमीच्या फाळणीच्या प्रस्तावांआधीची आहे.

५

इस्राएल राज्याने २८ ऑक्टोबर १९४८ रोजी आपला ध्वज निश्चित केला. त्यावरील निळे पट्टे प्रार्थनेच्या वेळी पांघरण्याच्या शालीवरून घेतलेले आहेत. म्हणजे येथे प्रवास उलट दिशेने झाला: धर्मवस्तूवर राष्ट्रचिन्ह येण्याऐवजी धर्मवस्तूच राष्ट्रचिन्ह झाली. फेब्रुवारी १९४९ मध्ये स्वीकारलेल्या राजमुद्रेत मेनोरा आहे. तिचे रूप रोममधील टायटसच्या विजयकमानीवरून, म्हणजे मंदिराच्या लुटीच्या शिल्पावरून, घेतलेले आहे. पराभवाच्या शिल्पातून दीपवृक्ष परत आणण्याची ही कल्पना नाट्यपूर्ण होती. परंतु प्रमुख रब्बी इसहाक हेर्झोग यांनी तिला आक्षेप घेतला. कमानीवरील मेनोराच्या पायथ्याशी जलदैत्यांच्या आकृती आहेत, तो पायथा मंदिरातला असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. धर्मशास्त्राला साम्याची चिंता होती. राज्याला इतिहासाच्या उलटापालटीची प्रतिमा हवी होती.

१९४८ ते १९६७ या काळात पश्चिम भिंत जॉर्डनच्या ताब्यात होती आणि ज्यूंना तेथे जाता येत नव्हते. त्यामुळे राज्य मिळाल्यानंतरही भिंतीची प्रतिमा अभावाचेच चिन्ह राहिली. ७ जून १९६७ रोजी इस्राएली सैन्याने जुने शहर घेतले आणि काही दिवसांतच भिंतीसमोरची मघरबी मुसलमानांची वस्ती पाडून तेथे विस्तीर्ण पटांगण करण्यात आले. जुन्या पेल्यांवरील आणि वस्त्रांवरील भिंत अरुंद बोळातली होती; प्रार्थना करणारे तिला जवळजवळ टेकलेले दिसत. नव्या वस्तूंवरील भिंत दुरून, समोरून, समुदायासह दिसते. सैनिकांच्या शपथविधींचे हेच ठिकाण झाले. दृष्टिकोनातील हा बदल केवळ रचनेचा नाही. बोळातली भिंत उरलेल्या अवशेषाची होती. पटांगणातली भिंत मिळविलेल्या स्थळाची आहे. त्या मोकळ्या पटांगणाच्या जागी ज्यांची घरे होती, ती माणसे या चित्रात अभावरूपानेही नाहीत.

राहेलच्या कबरीच्या बाबतीत गती निराळी आहे. १९९० च्या दशकात या वास्तूभोवती तटबंदी उभारली गेली आणि २००० नंतर काँक्रीटच्या विभाजक भिंतीने ती वेढली गेली. घुमटाचे परिचित रूप आता रस्त्यावरून दिसत नाही. तरीही वस्तूंवर ते तसेच, झाडासह, येत राहते. प्रत्यक्ष स्थळ ताब्यात आहे; चित्रातले स्थळ हरवले आहे. अभाव नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली.

या प्रक्रियेचे टोक १९८७ मध्ये जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या टेम्पल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या कार्यात दिसते. भावी तिसऱ्या मंदिरात वापरण्यासाठी म्हणून या संस्थेने सोन्याच्या मेनोरासह अनेक उपकरणे तयार करविली आहेत. तालमुदने मंदिरातल्यासारखा सात शाखांचा दीपवृक्ष घरी करण्यास मनाई केली होती. पाच, सहा वा आठ शाखांचा चालेल, सातांचा नाही. ही मनाई म्हणजे चिन्ह आणि निर्दिष्ट वस्तू यांमधील अंतराचे शास्त्राने केलेले रक्षणच होते. प्रतिकृती न राहता प्रत्यक्ष वापरासाठी उपकरण घडविले जाते, तेव्हा ते अंतर मिटते. तेथे चिन्ह संपते आणि कार्यक्रम सुरू होतो. हा कार्यक्रम ज्या जागेचा आहे तेथे शिलाघुमट उभा आहे, हे विसरता येत नाही.

६

अभावाचे चिन्ह अपरिहार्यपणे स्वामित्वाच्या चिन्हात रूपांतरित होते, असे मात्र मानण्याचे कारण नाही. दोन दूरची उदाहरणे या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत. मॅनफ्रेड अँसन हे जर्मनीतून निसटलेले कारागीर. त्यांनी १९८५-८६ च्या सुमारास, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त, हानुकाचा एक दिवा घडविला. त्यात प्रत्येक ज्योतीचा आधार म्हणून त्या पुतळ्याची लहान प्रतिकृती आहे आणि त्या प्रतिकृतींशी ज्यू इतिहासातील घटना जोडलेल्या आहेत. जर्मन पट्ट्यांवरील ध्वजांची परंपरा येथे पुढे चालते. पण आता तीत विनवणीपेक्षा कृतज्ञता अधिक आहे.

दुसरे उदाहरण मराठी भाषेतले आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हगादा प्रसिद्ध झाला. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचावयाचा हा ग्रंथ स्वतःच एक धर्मवस्तू आहे. त्यातील काही चित्रे युरोपीय नमुन्यांवरून घेतलेली असली, तरी बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. वाचनाचा शेवट पुढच्या वर्षी जेरुसलेमात असण्याच्या इच्छेने होतो. डोळ्यांसमोर मात्र कोकण-पुण्याचे घर असते. याच समाजाच्या श्रद्धेनुसार अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटलेली आहे आणि नवसाची मलिदा त्याच्या नावाने होते. शब्दांतले स्थळ दूर आणि दृश्यातले स्थळ जवळ, अशी ही विभागणी दोन्ही स्थळांना आपापल्या जागी राहू देते. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे मलिदाचा विधी हायफा येथील एलियाच्या गुहेपाशीही होऊ लागला. म्हणजे पवित्र भूमीत पोचल्यावर त्यांनी कोकणातली स्मृती सोबत ठेवली. अभावाची दिशा उलटली, पण तिला कोणी दावा म्हटले नाही.

धर्मवस्तूंवरील स्थळप्रतिमांच्या इतिहासातून साहित्यविचाराला मिळणारा बोध येथे आहे. प्रतिमेचा अर्थ ती कशासारखी आहे यावर ठरत नाही, तसा तो घडविणाऱ्याच्या हेतूवरही पूर्णपणे ठरत नाही. ती आणि तिचा विषय यांमध्ये किती अंतर राखले आहे, आणि त्या अंतरात आणखी कोण राहते, यावर तो ठरतो. पाच शतकांपूर्वीच्या मुद्रकाने दुसऱ्याच्या प्रार्थनागृहाचे चित्र आपल्या हरवलेल्या मंदिराच्या नावाने छापले, तेव्हा त्या एका रेखाटनात दोघांना जागा होती. आज तसे चित्र निरागसपणे छापता येणार नाही. भिंतीचा गिलावा न दिलेला हातभर चौकोन मात्र अजूनही काही घरांत तसाच ठेवला जातो. आणि त्यावर अद्याप कोणतेही चित्र काढलेले नाही.